पावती फाडा, बाहेर पडा

कूलरला नवी खस लागली आणि रस्त्यावरची तोंडं दुपट्ट्यात गेली, की नागपुरात उन्हाळी शिबिरांची पत्रकं उगवतात. गुळगुळीत कागद. त्यावर दोरीला लटकलेलं एक हेल्मेटधारी पोट्टं. खाली मजकूर: ‘अनुभवाधारित निसर्गशिक्षण. पाच दिवस, चार रात्री. नेतृत्वगुण, आत्मविश्वास, संघभावना.’ त्याखाली बारीक अक्षरांत: गार हवेचे तंबू, जैन जेवणाची सोय, रोजचे फोटो पालकांच्या ग्रुपवर. आणि तळाशी आकडा. तो वाचला की पहिला अनुभव बापालाच येतो.

पत्रकाचा अर्थ एवढाच, की मूल अनुभव घेईल याची हमी आहे आणि तो अनुभव त्याच्या अंगाला लागणार नाही याचीही हमी आहे.

कंपन्यांवर राग काढून उपयोग नाही. गिऱ्हाईक आपण तयार केलं. व्हॅन दारात येते, शाळेच्या दारात सोडते, तिथून ट्यूशनच्या दारात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉल खेळायचा नाही, गाड्यांना लागतो. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे. रस्त्यावर सायकल नाही, कारण रस्त्यावर आपणच गाडी चालवतो आणि आपण कशी चालवतो ते आपल्याला ठाऊक आहे. अकरा महिने पोराला असं जपायचं आणि बाराव्या महिन्यात पाच दिवसांचं आभाळ विकत आणायचं. वर जीएसटी.

बाहेर राहण्याचा फायदा खरा आहे, हे आधी मान्य करू. पालकांना आकडे आवडतात म्हणून एक आकडा देतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा निवडल्या. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर काढलं. मैदानात काय शिकवलं हा मुद्दा नव्हता, नुसतं उघड्यावर राहायचं होतं. तीन वर्षांनी तपासलं तेव्हा नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचं दिसेनासं झालं होतं, बाहेर काढलेल्यांत ३०.४ टक्के. हा अभ्यास २०१५ साली अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे चष्म्याचा नंबर लांबवायला रोजचं उघडं आभाळ लागतं. मेमध्ये एकरकमी पाच दिवस भरून ते खातं चालत नाही.

ही दोरी-हेल्मेटवाली शिबिरं ज्या वंशातली, त्याचा मूळ पुरुष कर्ट हान नावाचा एक शिक्षक. १९४१ साल, महायुद्ध चालू. लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या लक्षात आलं की पाणतीरांनी बोटी बुडाल्यावर जीवरक्षक नावेत तरणेताठे खलाशी आधी हाय खातात आणि केस पांढरे झालेले म्हातारे तग धरतात. म्हाताऱ्यांनी आयुष्यभर समुद्राचा मार खाल्ला होता. पोरांकडे ताकद होती, सवय नव्हती. मग दोघांनी मिळून वेल्समधल्या ॲबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. हानचा आग्रह असा, की तरुणाच्या हातात खरं काम द्या, चुकलं तर ज्याचा फटका दुसऱ्याला बसेल असं. नाव वल्हवायची, बुडत्याला काढायचं, डोंगरात हरवलेल्याला शोधायचं.

यातून आपण काय उचललं? हेल्मेट.

बरं, यासाठी वेल्सला जायची गरजही नव्हती. नागपूरहून वर्धा पंचाहत्तर किलोमीटर. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. हातच्या कामातून शिकवायचं, म्हणजे नई तालीम, असं ठरलं, झाकीर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम बांधला आणि सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्यानं तो चालवून दाखवला. शेत, स्वयंपाक, सूत, सफाई; गणित आणि विज्ञान त्यातूनच. पुढे देशाला घाई झाली. ‘सूत कातून कुणाचं पोट भरतं?’ असं विचारून आपण नई तालीम संग्रहालयात ठेवली आणि पोरांना घोकंपट्टीच्या कारखान्यात. मग २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यात लिहिलं, की सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांनी दहा दिवस दप्तर न आणता सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकावं. त्र्याऐंशी वर्षं थांबल्यावर दहा दिवस मिळाले. या हिशेबानं पूर्ण शाळा परत यायला किती शतकं लागतील, हे गणित मुलांना गृहपाठाला द्यावं.

त्या जुन्या शाळेच्या एका विद्यार्थ्याचं सांगतो. डॉ. अभय बंग सेवाग्रामला नई तालमीच्या शाळेत शिकले, मग नागपूरच्या मेडिकलला. पुढे गडचिरोलीत बाळं न्यूमोनियानं दगावत होती आणि गावातल्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरानं ‘अशिक्षित आहेत, काय करणार’ म्हणून अहवाल लिहिला असता. इथे मण्यांचं साधन तयार झालं. एक मिनिटाची वाळू पडेपर्यंत बाळाचे श्वास बघायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मणी ठरल्या खुणेपुढे गेले की औषध. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तर त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटतात, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’नं छापलं. सगळं श्रेय शाळेला देता येणार नाही. पण समोरच्या माणसाच्या हाताला काय येतं ते आधी बघायचं, ही खोड वर्गाच्या बाकावर लागत नाही.

आता नागपूरकराचा हुकमी पत्ता: ऊन. “एवढ्या उन्हात पोट्टं बाहेर काढून मारतं का बाप्पा?” प्रश्न रास्त आहे. २३ मे २०१३ रोजी या शहरानं ४७.९ अंश पाहिले. ३० मे २०२४ रोजी तर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले. हवामान खात्यानं नंतर सांगितलं, यंत्र बिघडलं होतं. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. त्या दिवशी माणसंही तशीच चालत होती. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात त्या याच कारणानं.

पण याच मे महिन्यात, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथला, बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी भरते. महाराष्ट्रभरातून कॉलेजची पोरंपोरी येतात. पहाटे कुदळ, फावडं, घमेलं, ऊन चढलं की सावलीत व्याख्यानं आणि वाद, संध्याकाळी गाणी. नेतृत्वगुणांचा वेगळा तास नसतो. घमेल्यांची साखळी असते, मधला एक थांबला की सगळे थांबतात आणि मग त्याला जे ऐकवलं जातं ते कुठल्याही प्रशिक्षकाला जमणार नाही. शिवाय हे सगळं घडतं ते कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी उभ्या केलेल्या शेतीत. तिथे दहाही धडधाकट बोटं घेऊन गेलेल्या पोराला तक्रार करायला तोंड राहत नाही. १९८५ साली सत्तरी ओलांडलेले, पाठीच्या दुखण्यानं बसताही न येणारे बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेव्हा पुढे सायकलींवर अशीच पोरं होती.

म्हणजे ऊन टाळायचं नसतं, त्याचं वेळापत्रक शिकायचं असतं. पहाटे पाचला निघा, दहाला सावली गाठा, पाणी पीत राहा, डोक्याला दुपट्टा बांधा. आमच्या आज्यांनी खिशात कांदा देऊन हेच सांगितलं होतं. कांद्यानं काही होत नसेल. पण खिशाला वास आला की पोराला आठवायचं, बाहेर ऊन आहे.

दुसरा पत्ता: भीती. हा पत्ता मी हसण्यावारी नेणार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. त्यानंतर शाळांनी सहलींची धास्ती घेतली ती अजून आहे. मुख्याध्यापक म्हणतात, काही झालं तर जेलमध्ये मी जाणार. त्यांचं बरोबर आहे. पण घेतलेला धडा बघा. मुलांना पोहायला शिकवू, भरती-ओहोटी ओळखायला शिकवू, अमक्या पोरांमागे एक पट्टीचा पोहणारा नेऊ, असं किती शाळांनी ठरवलं? आपण हमीपत्र शिकलो. पालकाची सही, मुलाची सही, ‘सर्वस्वी जबाबदारी आमची राहील’. पाण्यात पडलेल्या पोराला तो कागद तरंगवत नाही. मग सहल वॉटर पार्कला जाते, जिथे पाणी कमरेइतकं आणि गाणी कानठळ्या बसवणारी.

पाण्याचंच निघालं म्हणून नाग नदी घ्या. शहराला नाव हिनं दिलं. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात शिरते, पुढे कन्हानला मिळते. आमच्या दहावीच्या पोराला ॲमेझॉनच्या उपनद्या पाठ आहेत, नाग नदी दाखवली तर विचारतो, “हा नाला कुठला?” शाळा कधी नदीवर गेली नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस पडला, अंबाझरी ओसंडली आणि नदी आपणहून घरांत आली. माणसं गेली, संसार वाहिले. पाणी सखल भागाकडेच धावतं, नदीचं पात्र बांधून काढलं तरी ती आपली जागा विसरत नाही, हा भूगोलाचा पहिला धडा. एका रविवारच्या पायी फेरीत तो फुकट शिकता आला असता.

आणि बाहेर कोण असतं, याचाही एक हिशेब आहे. झोपडपट्टीतलं पोट्टं दिवसभर मैदानात असलं की शाळा त्याच्या बापाला नोटीस पाठवते. फ्लॅटमधलं पोट्टं पाच दिवस मैदानात राहिलं की शाळा त्याच्या बापाला प्रमाणपत्र पाठवते. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं दिसली. त्यांनी चेंडू आणून दिला आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. पास द्यावा लागतो, वेळेवर यावं लागतं, हरल्यावर हात मिळवावा लागतो. पत्रकातले सगळे गुण आले, तंबू सोडून. शहराला हे कळायला २०२२ उजाडलं, कारण तेव्हा नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये बारसे सरांच्या जागी अमिताभ बच्चन उभे राहिले. त्याआधी आपण त्या मैदानाशेजारून हॉर्न वाजवत जात होतो.

तिकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर प्रश्नच उलटा सोडवला होता. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा बाईच फळा घेऊन कुरणात गेल्या. कुरणशाळा. हजेरी गुरांसकट.

आता सरकारचं. दप्तराविना दिवस आला, आनंददायी शनिवार आला. कल्पना चांगल्या आहेत. फक्त आनंद झाल्याचा पुरावा लागतो. मास्तर मुलांना झाडाखाली नेतात, झाडाचं नाव सांगायच्या आत फोटो काढतात, फोटो लिंकवर चढवतात, लिंक चालत नाही, तोवर घंटा होते. मुलांना एवढंच कळतं की झाड फोटोच्या मागे उभं राहण्यासाठी असतं. दोष मास्तरांचा नाही. त्यांना झाड विचारत कुणी नाही, फोटो सगळे विचारतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. शहराला नको ते सगळं तिच्यासोबत गावाबाहेर पाठवायची रीत आहे. यंदा माझ्या तीन मागण्या आहेत. हमीपत्र, घेऊन जा गे मारबत! जिओटॅग फोटो, घेऊन जा गे मारबत! आणि त्याच दिवशी तान्ह्या पोळ्यात पोराच्या हातातून लाकडी बैलाची दोरी काढून स्वतःच मिरवणारा बाप, त्यालाही घेऊन जा!

आणि शिबिराचे पैसे वाचवायचे असतील, तर माझं पत्रक घ्या. स्थळ: अंबाझरी ते जमेल तिथपर्यंत, नदीच्या कडेनं. पावसाळ्यात नाही. वेळ: रविवारी पहाटे सहा. नकाशा पोराच्या हातात, नाश्त्याचे पैसे पोराच्या खिशात, वाट तेच ठरवणार. तुम्ही वीस पावलं मागे, तोंड बंद, फोन बंद. चुकीच्या गल्लीत वळलं तर वळू द्या. पैसे आधीच उडवले तर पोहे नाहीत, तुम्हालाही नाहीत. संघभावना तिथेच तयार होईल.

हरवायची काळजी करू नका. नागपूरचं पोट्टं भुकेलं झालं की तर्री-पोह्याचा ठेला नकाशाशिवाय शोधतं.