बुवांच्या हाताला दात

आमच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. महिन्याचं भाडं नाही आणि बहुतेक वाहिन्यांना कुलूपही नाही. त्यामुळे संगणकात ट्यूनर कार्ड बसवलं की सह्याद्रीवरचा आईच्या आवडीचा गाण्याचा कार्यक्रम थेट हार्ड डिस्कवर उतरतो. ही सेवा 2004 पासून आहे. मला अक्कल उशिरा आली.

उतरतो म्हणजे हवेतून आला तसाच, 188 बाइटांच्या पुड्या एकामागून एक. चार मेगाबिटच्या हिशेबानं तासाभराचं गाणं पावणेदोन जीबी खातं. वर ते एमपेग-2. दिवाणखान्यातल्या माझ्या जुन्या रास्पबेरी पायला ते झेपेना. त्यासाठी परवान्याची किल्ली वेगळी विकत मिळायची, अडीच पौंडांच्या आत. ते पैसे मी बाणेदारपणे वाचवले आणि प्रत्येक फाइल एच.264 मध्ये बदलायला संगणक रात्र रात्र चालू ठेवला. विजेच्या बिलावर बायको जे बोलली ते इथे छापण्यासारखं नाही.

पहिली फाइल तयार झाली. आईनं चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"अरे, बुवांच्या हाताला करवतीचे दात फुटलेत!"

खरंच होतं. तान घेताना हात वर गेला की कडेला आडव्या रेघांची फणी उगवायची. मागे तंबोरा घेऊन बसलेला मुलगा मात्र स्वच्छ, कारण तो हलतच नव्हता. दूरदर्शनचं चित्र दोन हप्त्यांत येतं: आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. जुन्या काचेच्या टीव्हीला तेच सोयीचं होतं. दोन हप्त्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, आणि द्रुत लयीत बुवा तेवढ्यात कुठल्या कुठे पोचलेले असतात. माझा संगणक दोन्ही हप्ते एकत्र शिवून मोकळा झाला होता. डीइंटरलेसच्या चौकोनात खूण केली आणि दात पडले.

मग मला जोर चढला. एका रविवारी बसून सगळ्या जाहिरातीही कापल्या. केवढी सफाई! आई दहा मिनिटं बघत राहिली, मग अस्वस्थ झाली.

"मधल्या जाहिराती कुठे गेल्या रे? मी कुकर कधी लावायचा?"

आता जाहिराती ठेवतो. त्याही डीइंटरलेस करून.