जन्माचा उपास

आमच्या घरात दाण्याच्या कुटाचा डबा मिठाच्या बरणीपेक्षा मोठा आहे. यात माझा दोष नाही. सासरे सोलापूरहून मागाच्या कामाला भिवंडीत आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक वळकटी, एक तांब्या आणि शेंगाचटणीचा डबा आला, असं सासूबाई सांगतात. वळकटी गेली, तांब्या गेला, चटणी राहिली. पोह्यांत दाणे, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, आणि भाजीत पाणी जास्त झालं तर वरून आणखी एक मूठ कूट. स्वयंपाकात काहीतरी चुकलंय असं वाटलं की सोलापूरकडच्या माणसाचा हात आपसूक त्या डब्याकडे जातो.

अशा घराला शेंगदाण्याचं वावडं असलेला भाचा मिळाला.

भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. पुण्याला असतो, वय चौदा. दोन वर्षांचा असताना कुणीतरी लाडाने त्याला लाडवाचा कण भरवला आणि पाच-दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, छाती घरघरायला लागली. तेव्हापासून त्याच्या कमरेला एक छोटं पाकीट असतं. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, गोळ्या आणि काय झालं तर काय करायचं याचा मोठ्या अक्षरांतला कागद. बाकी मुलगा दगड पचवेल.

गोंधळ होतो तो शब्दाचा. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली घडवला. आपल्याकडे त्याआधीपासून 'वावडं' आहे, पण आपण तो शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत करून टाकला. अमक्याला कामाचं वावडं, तमक्याला आंघोळीचं वावडं. त्यामुळे 'याला दाण्याचं वावडं आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पोराचे नखरे आहेत, आईने लाडावून ठेवलंय. त्याच्या मामांना, म्हणजे आमच्या ह्यांनाही, बरीच वर्षं तसंच वाटायचं. "थोडं थोडं द्या, सवय होईल," हा त्यांचा ठरलेला उपाय. मध्ये कधीतरी त्यांनी एक कात्रण आणून दाखवलं. लंडनमध्ये झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास होता. तान्ह्या मुलांना लवकर शेंगदाणा द्यायला सुरुवात केली तर पुढे ॲलर्जीचं प्रमाण खूप कमी होतं, असं त्यात सिद्ध झालं होतं. मामांचा चेहरा परीक्षेत पेपर फुटल्यासारखा. मी पुढचं वाचून दाखवलं : ती मुलं ४ ते ११ महिन्यांची होती, आणि सगळं डॉक्टरांच्या देखरेखीत. आपलं बाळ आठवीत आहे. कात्रण घडी होऊन पंचांगात गेलं.

तर हा भाचा नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे टेमघरला आला. पुण्याच्या त्याच्या मित्रांना आधी हेवा वाटला होता, कारण पुणेकरांचं टेमघर म्हणजे मुठेवरचं धरण. तंबू ठोकून तळ्याकाठी बसणार असं त्यांना वाटलं. आमचं टेमघर भिवंडीतलं, कल्याण रस्त्यावरचं. आमच्याकडेही पाणी आहे, पण ते टाक्यांत. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं आणि टेमघरला शुद्ध करायचं, म्हणून त्या योजनेचं नाव शहाड आणि टेमघर या दोन नावांवरून 'स्टेम' पडलं. तंबू ठोकायला जागा नाही. मग भाच्याने ठरवलं की मामाने त्याला माहुलीला न्यायचं. पायथ्याच्या गावात मुक्काम, तंबूत झोपायचं, सकाळी गड. आणि जेवण आपण करायचं.

शनिवार ठरला. मी कॅलेंडर बघितलं. संकष्टी.

मामांची संकष्टी कडक. चंद्र बघितल्याशिवाय अन्न नाही, आणि दिवसभर उपासाचं जे खायचं ते म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, दाण्याचे लाडू. बाकी राहिला बटाटा. एकाच चुलीवर एक माणूस दाण्याशिवाय उपाशी आणि दुसरा दाण्याने दवाखान्यात, असा तो पेच होता. मामा परंपरेवर घसरले. मला गंमत वाटते ती ही, की शेंगदाणा, बटाटा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, हे चारही जण मूळचे अमेरिका खंडातले, गलबतांत बसून आलेले. आपल्या ताटात परंपरेच्या गादीवर सगळे पाहुणे बसलेत आणि बिचारी भगर दाराशी उभी.

पण मामांना पटलं ते या युक्तिवादाने नाही. पटलं बिस्किटाच्या पुड्याने. भाचा दुकानातून आणलेली पाकिटं एकेक करून वाचत होता. आपल्याकडे २०२० च्या नियमांनी पाकिटावर शेंगदाणा, गहू, दूध, अंडं, मासे, सोयाबीन वगैरे छापावं लागतं. एका पुड्यावर, ज्यात नावालाही दाणा नव्हता, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की शेंगदाण्याचा अंश असू शकतो. भाच्याने पुडा बाजूला ठेवला. मामा उसळले, "अरे, नाहीये ना त्यात? मग?"

भाचा म्हणाला, "मामा, त्याच मशीनवर आधी दाण्याची बिस्किटं निघाली असतील."

मामा गप्प. मग हळूच म्हणाले, "तूस."

तीस वर्षं मागावर घालवलेला माणूस. खात्यात शेजारच्या मागावर लाल सूत लागलं की त्याची तूस हवेत उडते, आणि पांढऱ्या ताग्यात कुठेतरी लाल धागा विणला जातोच. माग पुसा, झाडा, गिऱ्हाईक ताग्याला नाव ठेवतंच. त्यापायी किती तागे परत आले, त्याचा हिशेब मामांना तोंडपाठ आहे. तो हिशेब त्यांनी त्या दिवशी पुन्हा एकदा सांगितला, आणि शेवटी स्वतः उठून कुटाचा डबा माळ्यावर ठेवला.

सासूबाईंना तर एवढंही सांगावं लागलं नाही. ऐंशीच्या पुढचं वय, आयुष्यभर उपासाचं पीठ वेगळं, उपासाचं तिखट वेगळं, उपासाचा तवा वेगळा. हे चालतं, ते चालत नाही, ही त्यांची मातृभाषा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्याला दाण्याचा जन्माचा उपास आहे. एवढंच ना?" आणि कामाला लागल्या. नवी कढई काढली. लाकडी उलथणं नको म्हणाल्या, लाकूड तेल पितं. खलबत्ता नको, त्यात वीस वर्षांची शेंगाचटणी मुरलीय. मी मोठ्या अभिमानाने आणलेलं घाण्याचं शेंगतेल त्यांनी असं काही उचललं, जसं मांजराने उंदीर आणून ठेवलाय. गंमत बघा, ज्या रिफाइंड तेलाला आपण नाकं मुरडतो त्यात शेंगदाण्याची प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, आणि घाण्याच्या 'शुद्ध' तेलात उरतात. आम्ही दोन्ही सोडून सूर्यफुलाचं घेतलं. मामांच्या जुन्या कोऱ्या कापडाची पिशवी शिवून त्यात भाच्याची भांडी गेली. पिशवीवर सासूबाईंनी खडूने लिहिलं : उपास.

प्रश्न राहिला बेताचा. मी प्रयोग म्हणून आदल्या दिवशी बिनकुटाची खिचडी केली. आजवर मला वाटायचं कूट चवीसाठी. ते साबुदाण्याच्या अंगचं पाणी शोषून दाणा न् दाणा सुटा ठेवतं, हे ते नसल्यावर कळलं. कढईत एक गोळा तयार झाला, त्यावर चेंडूसारखी फलंदाजी करता आली असती. दुसऱ्या वेळी साबुदाणा कमी पाण्यात भिजवला, सुकं खोबरं खरपूस भाजून चुरून घातलं. खिचडी बरी झाली. मामा म्हणाले, "कोकणातली वाटते." सोलापुरी माणसाच्या तोंडी ही स्तुती नव्हे.

पण त्यात तथ्य होतं. महाराष्ट्राचा नकाशा खुशाल कुटाने आखावा. घाटावर कूट, खाली उतरलं की नारळ. आम्ही कित्येक वर्षं आगऱ्यांच्या शेजारात राहून घाट काही उतरलो नव्हतो. शेजारच्या काकींना विचारायला गेले की दाण्याशिवाय काय काय करता येईल, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या कालवणात दाणे कधी पडलेच नव्हते. तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यांनी दहा भाकऱ्या थापून दिल्या, दुसऱ्या दिवशीही कापडासारख्या मऊ. सुकट देऊ का, म्हणाल्या. संकष्टी म्हटल्यावर डब्याचं झाकण लावलं, आणि मग भाच्याकडे बघून हळूच पुन्हा उघडलं.

शेवटी बेत ठरला तो तहाने. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले द्यावे लागले त्यांत माहुलीही होता. आमचा तह स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाला. मामांनी खिचडीतलं कूट दिलं, आमटी दिली, लाडू दिले. त्याबदल्यात राजगिऱ्याच्या लाह्या घरी फोडून गुळात वड्या मिळाल्या, भगर मिळाली, तूप सढळ हाताने. महाराजांकडे १२ किल्ले उरले होते. मामांकडे काय उरलं ते रात्री कळलं.

रिक्षाने कल्याण, तिथून कसारा गाडीने आसनगाव. गाडीत बसलो तोच टोपलीवाला आला. मुंबईच्या गाड्यांत खाऱ्या दाण्यांना 'टाइमपास' म्हणतात, आणि त्या दिवशी अख्ख्या डब्याला वेळ घालवायचा होता. मी पदराने भाच्याचं नाक झाकायला गेले. तो हसला. म्हणाला, "मामी, वासाने नाही होत. वासात प्रथिन नसतं. हाताला लागून पोटात गेलं तर होतं." म्हणजे भीती वासाची नव्हे, बाकाची, दांडीची, सलगी करणाऱ्या हाताची. समोरच्या काकांनी दाणे संपवून खिशातली सॅनिटायझरची बाटली काढली, हात चोळले आणि मायेने भाच्यापुढे गोळी धरली. त्याने हात जोडले. जंतू मरतात, पण दाण्याचा अंश त्या जेलने हातावरच राहतो. तो निघायला साबण आणि पाणीच लागतं. डोंगरात जाणारे लोक मोबाइलची बॅटरी मोजतात, आम्ही साबणाच्या वड्या मोजल्या.

पायथ्याच्या गावात एका घराच्या अंगणात तंबू लागला. माहुलीच्या डोंगरात नवरा, नवरी आणि भटजी नावांचे सुळके आहेत. वऱ्हाड कधीचं ताटकळलंय, लग्न काही लागत नाही, त्यामुळे जेवणावळीचा प्रश्न अजून आला नसावा. आमच्यापुढे मात्र आला. घरधनीण परातभर भाकऱ्या आणि वांग्याची भाजी घेऊन बाहेर आली. भाच्याने विचारलं, "ताई, यात दाणे आहेत का? तेल कुठलं?" दाणे आहेत म्हटल्यावर तो "मग मला नको" म्हणून मागे सरला. चौदा वर्षांचं पोर, त्याला काय कळणार. पण बाईचा चेहरा उतरला. परात तशीच हातात धरून तिने विचारलं, "आमच्या हातचं चालत नाही का?"

त्या एका प्रश्नाला आपल्या देशात किती जुनी जखम आहे, हे मला कळत होतं आणि उत्तर सुचत नव्हतं. शब्द शोधला मामांनी. अंगणातल्या बाजेवरून उठून हात जोडून म्हणाले, "तसं नाही हो ताई. त्याला जन्माचा उपास आहे. शेंगदाण्याचा."

बाईने भाच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "देवाला बोललेत?"

"नाही. जन्मतःच."

"एवढ्याशा पोराला?" ती हळहळली आणि लगेच बदलली. आत जाऊन चार रताळी घेऊन आली. म्हणाली, निखाऱ्यात भाजा, साल काढून खाईल, सालीच्या आत कुणाचा हात लागत नाही. मग लाकडं दिली, तीन दगड दिले, पाण्याचा हंडा आणून ठेवला, आणि स्वतःच्या मुलीला बजावलं की त्या कढईला शिवायचं नाही, उपासाची आहे. सासूबाईंनी खडूने लिहिलेला शब्द असा कामी आला.

मी मनातल्या मनात दोनदा हिशेब करून ठेवला होता : आसनगाव किती वेळ, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय कुठे, १०८ ला फोन लागतो का, रेंज अंगणाच्या कुठल्या कोपऱ्यात येते. पाकीट भाच्याच्या कमरेला आहे ना, हे तर दर अर्ध्या तासाने. असल्या सहलीत बायकांच्या वाट्याला जो निसर्ग येतो तो असा.

चंद्राने वाट बघायला लावली. भाच्याने स्वतःच्या कढईत पिठलं केलं, पाठीवर तारे आणि डोळ्यांत धूर. रताळी राखेतून काढली, फुंकर मारत मारत आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मामांनाही ती चालत होती. नवाच्या पुढे कधीतरी झाडांमागे उजेड फुटला आणि डोंगराची कड एकदम जवळ आल्यासारखी झाली. मामांनी नमस्कार केला, ताट वाढून घेतलं. काकींची भाकरी, भाच्याचं पिठलं. दोन घास खाल्ले, तिसऱ्याला चेहऱ्यावर काहीतरी हरवल्याचे भाव आले. "आलोच," म्हणाले आणि ताट घेऊन गोठ्याच्या पलीकडे अंधारात गेले.

बराच वेळ आले नाहीत. मग हंड्याजवळ पाण्याचा आवाज यायला लागला. एक तांब्या, दुसरा तांब्या, तिसरा. भाचा तंबूतून बाहेर आला आणि त्याने टॉर्च मारला. मामा कोपरापर्यंत साबण लावून उभे, मिशांनाही फेस, आणि शेजारी दगडावर, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली एक इवलीशी बरणी.

भाच्याने टॉर्च त्यांच्या हातांवर धरला, नीट निरखलं.

"मामा," तो म्हणाला, "नखं राहिली."