घरमालक काकांना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

घर रिकामं करून महिना उलटला. डिपॉझिट आलेलं नाही. आलाय तो तुमचा हिशेब, वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर. पूर्ण फ्लॅटचा रंग १८,०००. खिळ्याचं भोक बुजवणं १,२००. गिझर ‘जुना झाल्याबद्दल’ २,५००. ही शेवटची ओळ वाचून मला गहिवरून आलं. कोथरूडात माझ्याआधी काळ थांबला होता आणि तो मी सुरू केला, हे मला माहीतच नव्हतं.

रंगाचं मात्र सविस्तर बोलू. मी राहायला आलो तेव्हा हॉलच्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या टीव्हीचा काळपट चौकोन होता. त्याच्या डिपॉझिटमधूनही तुम्ही रंगाचे पैसे कापले होते, हे वॉचमनने सांगितलं. तो चौकोन झाकायला मी कॅलेंडर लावलं, त्याचाच तो बाराशेचा खिळा. म्हणजे एका रंगाचे पैसे दोघांनी भरले आणि डबा अजून कुणी उघडलेला नाही. इतका टिकाऊ रंग कुठल्या कंपनीचा, ते जरूर कळवा.

तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. ‘फॅमिली ना? व्हेज ना? आडनाव काय?’ आणि आडनाव कळल्यावर ‘म्हणजे मूळचे कुठले?’ या तोंडी परीक्षेत तुम्ही मला पास केलंत. (नापास झालेल्यांना कारण कधीच सांगितलं जात नाही, म्हणून ते बिचारे शहरभर परीक्षा देत फिरतात.) ऑफिसात एचआरएसाठी तुमचा पॅन लागतो म्हटल्यावर ‘मग भाडं वाढवावं लागेल’ असं तुम्ही प्रेमाने समजावलंत. दर रविवारी बेल न वाजवता, स्वतःच्या किल्लीने दार उघडून ‘सहज’ डोकावलात. कायद्याने तुम्हाला घर तपासायचा हक्क दिला आहे. आधी कळवून, वाजवी वेळी, एवढंच त्यात म्हटलं आहे.

तुम्हाला भीती वाटते, हे मला कळतं. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने कितीतरी भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठवली. गिरगाव-दादरच्या चाळींत लाखमोलाच्या खोल्या चहाच्या पैशांत अडकल्या, मालकांनी डागडुजी सोडली आणि जिने कोसळायला आले. ‘भाडेकरू घर बळकावतो’ ही म्हण तिथून आली आणि ती खोटी नव्हती. पण काका, १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपून कुणी हटला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तो राहील तेवढ्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. एवढी भरभक्कम कवचकुंडलं असून तुम्ही माझ्या डिपॉझिटच्या आडोशाला का उभे आहात?

डिपॉझिटवरून आठवलं. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये असं लिहिलं आहे. तुम्ही सहा महिन्यांची घेतलीत. तुमचं चुकलं नाही. तो कायदा नावाप्रमाणे आदर्श, राज्याने उचलला तर लागू. आणि आदर्शांना आपण हार घालतो, घरी आणत नाही.

आता मूळ मुद्दा. करार करताना तुम्ही म्हणालात, ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायचा कशाला? नोटरी पुरे.’ वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, या जुन्या नियमाची ती सवय. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सपुरती ती पळवाट १९९९च्या त्याच भाडे नियंत्रण कायद्याने बुजवली. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. शहरात नोंदणी शुल्क हजार रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या हिशेबाने. तेवढे तुम्ही वाचवलेत.

कलम ५५ म्हणतं, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते जाऊ द्या, तुम्हाला तुरुंगात पाहण्याची माझी इच्छा नाही. तिथल्या भिंतींचा रंग तुम्हाला सोसायचा नाही. त्याच कलमातली दुसरी ओळ मला अधिक आवडली. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं.

तेव्हा मला आठवतं ते असं. रंगाचा खर्च मालकाचा, असं आपलं ठरलं होतं. गिझरच्या वार्धक्याची जबाबदारी त्याच्या जन्मदात्या कंपनीची. खिळा मला माफ. आणि किल्ली हातात पडल्यापासून सात दिवसांत पूर्ण डिपॉझिट परत, हे तर तुम्ही बाल्कनीत उभं राहून, सुपारी कातरत स्वतः म्हणाला होतात.

यातलं काही चुकत असेल, तर उलट सिद्ध करायची मुभा कायद्याने तुम्हाला ठेवलेली आहेच. बँक खाते क्रमांक तोच आहे.

आपला नम्र,
माजी भाडेकरू, दुसरा मजला