दोनशे चाळीस कप्प्यांचे शास्त्र

काडेपेट्यांच्या संग्रहासाठी घरच्या घरी लाकडी शोकेस करू इच्छिणाऱ्या गृहस्थांनी प्रथम घरात असा संग्रह आहे याची खात्री करून घ्यावी. आमच्याकडे तो आहे. गेली एकतीस वर्षं तो बुटांच्या खोक्यांत, पलंगाखाली, माझ्या लोकरीच्या शेजारी राहत होता. सबब पुढील नियम अनुभवसिद्ध समजावेत. काम ह्यांचं, अनुभव माझा.

नियम पहिला. सुताराला बोलावू नये. तो दोन दिवसांत काम उरकून जातो आणि मग घरात बोलायला विषय उरत नाही. स्वतः केल्यास एक पावसाळा आणि दोन दिवाळ्या सहज निघतात.

नियम दुसरा. लाकूड सागवानी आणि मुरलेले असावे. पावसाळ्यात फळी फुगते ती रुंदीला, लांबीला नाही. म्हणून पाठीची फळी खाचेत मोकळी सोडावी, फेविकॉलने डकवू नये. हे मात्र ह्यांना खरोखर कळतं. फळी मामंजींच्या किराणा दुकानातली. तिच्यावर काडेपेट्यांची बंडलं असायची आणि खाली बसून एक मुलगा रिकाम्या पेट्यांचे छाप सोलत असायचा. पहिला रंधा मारला तसा घरभर हिंगाचा वास सुटला. हे रंधा तसाच धरून उभे राहिले. मी आत जाऊन चहा टाकला.

नियम तिसरा, मापाचा. हा दोनदा वाचावा. पेटी जेमतेम दोन इंच रुंद, दीड इंच उंच. कप्पे आडवे बारा, उभे वीस. बारा दुणे चोवीस, वीस दिडे तीस. म्हणून चौकट आतून चोवीस बाय तीस. गुण्या लावून, खतावणीने रेघा मारून, कानावर पेन्सिल खोचून ह्यांनी ती अशी काटकोनात जुळवली की बघत राहावं. मग कप्प्यांच्या पट्ट्या आल्या. बल्बच्या खोक्यात पुठ्ठे असतात तशा, अर्ध्याअर्ध्या खाचा पाडून एकमेकींत अडकवायच्या. एकेक पट्टी दोन सूत जाड. आठ सुतांचा इंच. बारा कप्प्यांना अकरा पट्ट्या, अकरा दुणे बावीस सूत, म्हणजे पावणेतीन इंच. हे पावणेतीन इंच आणायचे कुठून, हा प्रश्न चौकट तयार झाल्यावर पडला. आणि पडला कोणाला, तर पावकी, निमकी, पाऊणकी अजून घडाघडा येते असं दर रविवारी नातवाला ऐकवणाऱ्या माणसाला! शेवटी आडवे दहा बसले, उभे सतरा. दोनशे चाळीसचे झाले एकशे सत्तर. सत्तर पेट्या पुन्हा लोकरीच्या शेजारी गेल्या. उजवीकडे पावणेदोन इंचांची एक गल्ली उरली आहे, तिथे उदबत्तीचा पुडा छान उभा राहतो.

नियम चौथा. काच सरकती असावी आणि वरची खाच खालच्या खाचेच्या दुप्पट खोल असावी. म्हणजे काच वर सारायची, तळ आत घ्यायचा आणि खाली सोडायची. दोन्ही खाचा सारख्याच केल्या तर काच बाहेर राहते. आमची तीन आठवडे कॉटला टेकून बाहेर होती. अखेर शेजाऱ्यांकडे कामाला आलेल्या सुताराने पटाशी घेऊन दहा मिनिटांत वरची खाच खोल करून दिली. पैसे घेतले नाहीत. "काका, बाकी फिनिशिंग एक नंबर," म्हणाला. हे वाक्य आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी मिळतं.

नियम पाचवा. उन्हासमोर टांगू नये. छाप उडतात.

नियम सहावा. मांडणी भावाप्रमाणे करावी. १९९५ पासूनच्या पन्नास पैसेवाल्या एका बाजूला, २००७ पासूनच्या रुपयावाल्या दुसऱ्या. रुपयाचा भाव चौदा वर्षं टिकला, म्हणून ती फौज मोठी. १ डिसेंबर २०२१ ला काडेपेटी दोन रुपयांची झाली. त्या सकाळी हे चार दुकानं पालथी घालून उरल्यासुरल्या रुपयावाल्या घेऊन आले. एवढी धावपळ आमच्या लग्नात नव्हती. अंबरनाथच्या विमको कारखान्यातल्या जुन्या, लाकडाच्या पातळ सालीच्या पेट्या मधोमध. त्यांना हात लावायचा नाही, पुसायचंसुद्धा नाही.

नियम सातवा. काड्या काढून घ्याव्यात. भरलेल्या पेट्यांवर काच लावणे म्हणजे भिंतीवर लवंगी माळ टांगणे. त्याप्रमाणे आमच्या काड्या हॉर्लिक्सच्या तीन बरण्यांत आहेत. पण सेफ्टी काडी कुठेही ओढून पेटत नाही. लाल फॉस्फरस असतो पेटीच्या कडेला, काडीच्या गुलात नव्हे. थोडक्यात, काड्या ओट्यावर आणि कडा काचेमागे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा तर आधी हॉलमध्ये जाऊन काच सरकवायची, आणि तीही ह्यांना विचारून.

म्हणून मी वाण्याकडून दोन रुपयांची एक पेटी आणून देवघरात कुंकवाच्या करंड्यामागे ठेवली आहे. तिच्यावरचा छाप संग्रहात नाही. आपल्यापैकी कोणी आमच्याकडे आलं तर कृपया ह्यांना सांगू नये.