ॲम्पिअरकाका

महाराष्ट्रातल्या निवृत्त अभियंत्यांच्या अनेक पोटजातींत अलीकडे एका नव्या पोटजातीची भर पडली आहे. हे गृहस्थ भोसरी, अंबड नाहीतर ठाण्याच्या एखाद्या कारखान्यात मेंटेनन्स खात्यात आयुष्य काढलेले असतात. ग्रॅच्युइटी हातात पडली की यांचे बरोबरीचे लोक चारधामला जातात किंवा गावाकडच्या घरावर स्लॅब टाकतात. हे मात्र सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतात. तिच्या सीटा काढून आत पलंग, ओटा आणि फ्रीज बसवतात. गाडीच्या रचनेत असा फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते, हे कुणी न विचारता सांगतात. शेवटी टपावर सोलर पॅनेल चढवून जाहीर करतात, "आता एमएसईबीचं तोंड बघायचं नाही!" एमएसईबीचे २००५ साली तुकडे होऊन महावितरण वेगळी झाली, पण काकांच्या तोंडी अजून एमएसईबीच.

या गाडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"ती किटली कितीची?"

"सेलमध्ये साडेआठशेला मिळाली, काका."

"तसं नव्हे. किती वॅटची?"

पाहुण्याला ते माहीत नसते. काका किटली उलटी करतात, नाकावर चष्मा चढवतात, बुडावरचा आकडा वाचतात आणि निःश्वास सोडतात. १५०० वॅट. घरी ही किटली कुणाच्या खिजगणतीत नसते, कारण तिथे २३० व्होल्ट असतात आणि ती जेमतेम साडेसहा ॲम्पिअर ओढते. गाडीतली बॅटरी १२ व्होल्टची. तेच १५०० वॅट तिच्यातून काढायचे तर सव्वाशे ॲम्पिअर लागतात, आणि इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते धरले तर १४० च्या घरात. काका हा हिशेब पाहुण्याला बोटांवर करून दाखवतात. पाहुणा चहा नको म्हणतो.

काका जन्मापासून असे नव्हते. पहिल्याच सहलीत त्यांनी मोठ्या दिमाखात २००० वॅटचा इन्व्हर्टर आणि १०० ॲम्पिअर-अवरची एक लिथियम बॅटरी घेऊन हरिहरेश्वर गाठले. संध्याकाळी काकूंनी चहाला किटली लावली आणि सगळी गाडी काळोखात बुडाली. दिवे गेले, पंखा गेला, फ्रीज गेला. मीटरवर तर बॅटरी ९० टक्के भरलेली! काकांनी आधी इन्व्हर्टरला शिव्या घातल्या, मग दुकानदाराला. दोघेही निर्दोष होते. अशा बॅटरीच्या पोटात बीएमएस नावाचे सर्किट असते, आणि काकांच्या बॅटरीतले १०० ॲम्पिअरच्या वर कुणालाच ओढू देत नव्हते. म्हणजे इन्व्हर्टर २००० चा असला तरी बॅटरी १२८० वॅटपलीकडे देणार नाही. कोठार शिध्याने गच्च भरलेले असले तरी वाढपी एकच असेल तर शंभर पानांची पंगत एकदम बसवता येत नाही, तशातली गत.

तेव्हापासून काका दोन वेगळ्या वह्या ठेवतात. एकीत दिवसभरात किती वीज गेली ते, दुसरीत एका वेळी किती ओढली ते. या दोन वह्यांतले खलनायक वेगळे असतात, हा काकांचा आवडता विषय. चटणीसाठी ७५० वॅटचा मिक्सर तीन मिनिटे फिरला तर सारी चाळीसेक वॅट-अवर वीज जाते. पण सुरू होताना तो असा झटका मारतो की इन्व्हर्टर टूंटूं ओरडायला लागतो. उलट कोपऱ्यातला १२ व्होल्टचा फ्रीज कॉम्प्रेसर चालू असतानाही पन्नासेक वॅटच घेतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि रात्रंदिवस चालू-बंद होत सगळ्यांपेक्षा जास्त वीज गिळून बसतो. किटलीचेही तसेच. लिटरभर पाणी उकळायला लागणारी वीज शंभर वॅट-अवरच्या आसपास. मोठी किटली ती चार मिनिटांत ओढते, ६०० वॅटची छोटी दहा मिनिटांत. वीज साधारण तेवढीच, पण छोटी किटली पन्नास-पंचावन्न ॲम्पिअरवर भागवते. काकांनी म्हणूनच छोटी किटली घेतली. तिला गाडीत फार मान आहे.

इंडक्शन शेगडीवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही, आणि त्यांचे बरोबर आहे. बऱ्याच स्वस्त शेगड्या ४०० वर ठेवल्या तरी प्रत्यक्षात हजारभर वॅटने पेटतात, विझतात, पुन्हा पेटतात. सरासरी चारशेची, झटका हजाराचा. बिचारा बटण दाबणारा समजतो, मंद आच आहे.

वायरीच्या बाबतीत काका कर्मठ आहेत. घरातल्या दिव्यांना दीड एमएमची वायर चालते, गीझरला चार एमएम पुरते. काकांच्या बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत करंगळीहून जाड, पन्नास एमएमची केबल आहे, आणि तीही लांबीला हातभरच. कारण विचारले की १८४१ सालच्या जेम्स जूलपासून सुरुवात होते: करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट. चहाची वेळ टळून जाते. पण मुंबई-गोवा महामार्गाने दोनदा गेलेल्या गाडीतला एखादा नट अर्धा आटा सैल झाला तर त्या सांध्यावर काय होते, हे समजायला जूलच पाहिजे. म्हणून प्रत्येक मुक्कामी काका तापमान मोजायचे पिस्तूल काढतात. कोविडच्या काळात सोसायटीच्या गेटवर रहिवाशांच्या कपाळांवर रोखलेले हेच ते यंत्र. आता ते केबलच्या टोकांना बसवलेल्या लगांवर रोखले जाते. कपाळांपेक्षा लग जास्त सहकार्य करतात, असे काकांचे मत आहे.

फ्यूज हा तर श्रद्धेचा विषय. जुन्या घरांत चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजची तार सारखी जळते म्हणून तिथे जाड तार पिळून बसवणारे काकांचे एक मेहुणे आहेत. काका त्यांना बॅटरीजवळ बसू देत नाहीत. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. आणि शॉर्ट झाली तर लिथियम बॅटरी क्षणात काही हजार ॲम्पिअर सोडू शकते, म्हणून तो बॅटरीच्या प्लस टर्मिनलला जितका खेटून तितका चांगला. याच मेहुण्यांनी एकदा गाडीचा अल्टरनेटर थेट लिथियमला जोडायचे सुचवले होते. रिकामी बॅटरी इतकी हावरटासारखी ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये ३० ॲम्पिअरवर अडवणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. मेहुण्यांना हे समजावताना काकांचे स्वतःचे तापमान मोजण्यासारखे होते.

या सगळ्याचा जाच होतो तो घरच्यांना. विश्वास नसलेल्या त्याच शेगडीवर भात शिजत असताना फोन चार्ज करायला हरकत नाही, केस वाळवायला आहे. सून ड्रायर हातात घेऊन उभी, नातू मिक्सरवर मिल्कशेक मागतोय आणि काका मीटरसमोर. "अहो, पोरीचे केस ओले आहेत, सर्दी होईल." "दहाच मिनिटं, अगं, कुकर उतरू दे." २००५-०६ च्या भारनियमनातही घरात एवढी शिस्त नव्हती, असे काकू म्हणतात. तेव्हाच्या घरच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, तीन ट्यूब आणि टीव्ही चालायचा; मिक्सरचे नाव कुणी काढायचे नाही, आणि कुणी काढतही नसे.

तोडगा काकूंनीच काढला. "गावच्या घरी जनरेटरचा नि बोर्डाचा करंट एकत्र येऊ नये म्हणून तो दांडा होता ना, तसा इथं लावा की."

काका बराच वेळ गप्प होते. चेंजओव्हर स्विच! तो उलटा जोडायचा: इन्व्हर्टरची एक लाइन आत, बाहेर दोन. दांडा वर केला की ओट्यावरच्या शेगडीचा प्लग जिवंत, खाली केला की ड्रायर-किटलीचा. दोन्ही एकदम चालूच होऊ शकत नाहीत. आठवण ठेवायला नको, ओरडायला नको. जोडीला दुसरी बॅटरी समांतर लावली, मर्यादा २०० ॲम्पिअरवर गेली. तीस वर्षे कारखान्यात इंटरलॉक बसवणाऱ्या माणसाला हे आधी का सुचले नाही, हा प्रश्न काकूंनी विचारला नाही. सुनेने विचारला.

आता गाडीत अंधार होत नाही. सकाळचा चहा मात्र पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर होतो, कारण सगळ्यांना तोच आवडतो. लाखभराची सिस्टिम तेवढा वेळ उगीच चमकत असते. काका वहीत लिहितात: सकाळी ७, लोड १८ वॅट.

अशा काकांनी कधी गाडीतून यायचे आमंत्रण दिले तर अवश्य जा. माणूस विक्षिप्त आहे, पण त्याच्या गाडीत झोप निर्धास्त लागते. फक्त पाणी तापवायची रॉड घरी ठेवा, आणि विजेवर चालणारे जे काही नेणार असाल त्याच्या बुडावरचा वॅटचा आकडा त्यांना आदल्या रात्रीच कळवा.