विळी आणि हरीण

मटणातलं आपल्याला सगळं कळतं, अशी कोल्हापुरात असताना माझी समजूत होती. रविवारी सकाळी रांगेत उभं राहायचं आणि नंबर आला की बोट दाखवून खणखणीत आवाजात सांगायचं, "मांडीचं घाला, दोन नळ्या टाका, चरबी कमी." पुढचं सगळं खाटीकमामा करायचे, ज्ञान मात्र माझ्या खात्यावर जमा व्हायचं. २०१९च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमध्ये, शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात, ते खातं रिकामं असल्याचं उघड झालं.

गॅरेजच्या तुळईला हरीण टांगलेलं होतं. हरीण म्हटलं की आपल्याला एक तर सीतामाई आठवते, नाहीतर वन खातं. १९७२च्या कायद्यापासून आपल्याकडे हरणाकडे भुकेल्या नजरेनं बघायची सोय नाही. इथे मात्र नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो आणि भडक नारिंगी जाकिटं घालून माणसं रानात शिरतात. शिकारीचं मांस विकायला इथेही बंदी आहे. म्हणजे स्वतः मारा, नाहीतर कुणीतरी प्रेमानं द्यायला हवं. आजोबा द्यायला तयार होते, फक्त कापायला ये म्हणाले.

कारण साधं होतं. हरणाचा परवाना २४ डॉलरचा, आणि कापून, गुंडाळून देणारा शंभराच्या वर घेतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! ही म्हण मी त्यांना समजावून सांगितली. ती त्यांना इतकी पटली की अजून ते ती कुठल्याही बिलावर चिकटवतात.

रविवारी मारलेलं हरीण अंगातली अकड ओसरावी म्हणून गुरुवारपर्यंत टांगून ठेवलं होतं. थंडीमुळे गॅरेजच फ्रीज झालं होतं, तेही फुकटात. आजोबांनी बारीक पात्याची सुरी हातात दिली आणि म्हणाले, पुढचा पाय सोडव. मी कुऱ्हाड शोधू लागलो. ते हसले. माणसाला गळ्याशी जे आडवं हाड असतं ते हरणाला नसतंच. त्याचा पुढचा पाय धडाला नुसत्या मांसानं चिकटलेला असतो. पाय जरा ओढून धरला, सुरी आतून फिरवली, आणि अख्खा पाय अलगद माझ्या हातात आला. खाटीकमामांनी इतकी वर्षं दणादणा सत्तूर आपटून आमच्यावर उगीच छाप पाडली की काय, अशी शंका मला तिथे पहिल्यांदा आली. मागच्या पायाला मात्र खुब्याचा सांधा असतो. तो चाचपत शोधावा लागतो आणि तो सापडेपर्यंत अंगावरचं जाकीट काढावं लागतं.

करवत आजोबांनी बाहेरच काढली नव्हती. हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग होतो, तो या राज्यात २००२मध्ये सापडला. त्यामुळे मेंदू आणि पाठीच्या कण्यापासून सुरी लांब ठेवायची. मुंडकं तपासणीसाठी सरकारी पेटीत ठेवून यायचं. तपासणी फुकट. निकाल लागेपर्यंत मांसाच्या पुड्या फ्रीजरमध्ये, दहावीच्या पोरांसारख्या जीव मुठीत धरून.

आता उरलं बारीक काम. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते म्हणून ती सगळी काढायची, वरचा चंदेरी पापुद्राही सोलायचा. इथे माझी सुरी रुसली. मांस इकडे पळे, पातं तिकडे. शेवटी मी घरी जाऊन आईनं बॅगेत कोंबून दिलेली विळी आणली, गॅरेजात वर्तमानपत्र पसरलं, पाटावर पाय दाबला आणि बसलो. विळीचं एक बरं असतं, ती जागची हलत नाही, हलायचं ते आपण. दोन्ही हात मोकळे. पापुद्रा असा सुटला की आजोबांनी सुरी खाली ठेवून शेजारी खुर्ची ओढली. बसून बघायचा त्यांनाही मोह झाला, पण गुडघे जमिनीपर्यंत जाईनात. मग त्यांनी विळी उचलून कामाच्या टेबलाच्या शिकंज्यात आवळली आणि उभ्यानं कापू लागले. त्यांच्या सॉसेजसाठी डुकराची चरबी वेगळी आणलेली होती. माझ्या डोळ्यांपुढे तांबडा रस्सा. त्याला तवंगापुरतं तेल माझं मला घालावं लागणार होतं.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्रीचे साडेआठ, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, नुकतीच पूजा आटोपलेली. मी फोन छताकडे वळवायचा प्रयत्न केला, पण छताकडेच तर हरीण होतं.

"काय रे ते?"

"शेजाऱ्यांचं आहे, आई. मी नुसती मदत करतोय. आज खाणार नाही."

आई बराच वेळ बघत राहिली. हरणावर आता ती काय बोलते, याची वाट बघत मी आणि आजोबा गप्प उभे.

"आणि ती विळी," ती म्हणाली, "अशी उभी कुणी ठेवली? आधी आडवी कर."