काहीच नाही म्हणजे काय काय?

व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क गेलं की आमच्या ऑफिसात अण्णांना हाक जाते. पन्नाशीला टेकलेले, गळ्यात बारा महिने मफलर (सर्व्हर रूमच्या एसीचा धसका), खिशात सुपारीची डबी. आल्या आल्या विचारतात, "काही बदललंस का?"

"नाही अण्णा, काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे काय काय?"

या दुसऱ्या प्रश्नापुढे आजवर कोणी टिकलेलं नाही. एक अपडेट टाकलं होतं, मग अँटीव्हायरस बदलला, मग मागच्या आठवड्याच्या स्नॅपशॉटवर परत गेलो, असं एकेक बाहेर पडतं. अण्णा रागावत नाहीत. फक्त खुर्ची ओढतात आणि काळी खिडकी उघडतात.

आता पिंग. आधी १२७.०.०.१, म्हणजे मशीन स्वतःशी तरी बोलतंय का. मग स्वतःचा पत्ता, मग गेटवे, मग ८.८.८.८ आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव. "अण्णा, गेटवेपर्यंत जातंय, मी बघितलंय," असं मध्येच कोणी म्हटलं, तर ते शांतपणे पुन्हा १२७ पासून सुरू करतात. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की मात्र हळहळतात. "डीएचसीपीकडे पत्ता मागितला गं याने, कोणी दिला नाही. मग घेतला बिचाऱ्याने स्वतःच."

'बिचाऱ्याने' हे एका नसलेल्या कार्डाबद्दल, हे ध्यानात घ्या. व्हर्च्युअल मशीनमधलं नेटवर्क कार्ड हे सॉफ्टवेअरचं सोंग. ई१००० हे निदान इंटेलच्या एका खऱ्याखुऱ्या जुन्या कार्डाचं सोंग आहे. व्हीएमएक्सनेट३ नावाचं कार्ड तर कुठल्या दुकानात कधी मिळालंच नाही. अण्णांना हा भेद मान्य नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'केबल जोडलेली आहे' अशी एक चौकट असते. तिच्यावरची खूण काढताना ते म्हणतात, "थांब, केबल काढून घालतो," आणि डावा हात नकळत टेबलाखाली जातो.

पण माणूस पक्का आहे. आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीची दोन मशीनं आळीपाळीने मरत होती. हे चाललं की ते बंद, ते चाललं की हे. सगळ्यांनी वायफायला, वायरला, शेवटी तिला दोष देऊन झाला. अण्णांनी दोन्हींचे मॅक पत्ते मोठ्याने वाचायला लावले. "शून्य आठ, शून्य शून्य, सत्तावीस..." एवढ्यावर ते "व्हर्च्युअलबॉक्स" पुटपुटले, तसे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. पुढचे सहा वाचून झाले, दुसऱ्या मशीनचेही तेच निघाले. "जुळी आहेत ही. क्लोन केलंस ना?" केलं होतं. क्लोन करताना नवा मॅक पत्ता घ्यायचं राहिलं होतं, आणि एकाच नावाने दोघं ओ देतायत म्हटल्यावर बिचारा स्विच तरी पाकीट कोणाला देणार? पत्ता बदलला, दोन्ही चालली. मुलीने त्यांना दुसऱ्या दिवशी चकली आणून दिली.

पिंग जातं पण फाइल जात नाही, अशा तक्रारीवर त्यांचा १४७२ हा आकडा ठरलेला. दीड हजारातून हेडरचे अठ्ठावीस वजा. तेवढ्या मापाचं पाकीट 'तोडू नकोस' असं बजावून पाठवायचं. व्हीपीएनमधून गेलं नाही की माप कमी करत जायचं. हे ते इतक्या चवीने सांगतात, की ऐकणाऱ्याचा चहा निवतो.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे रीस्टार्ट. "बंद करून चालू केलं, झालं नीट," असं कोणी सांगितलं की चेहरा उतरतो. "नीट झालं? का बिघडलं होतं ते कळलं का? मग नीट कसं झालं?" आपल्याला आपलं काम पुढे न्यायचं असतं, त्यांना गुन्हेगार हवा असतो. एका शुक्रवारी संध्याकाळी माझं नेटवर्क असंच गेलं आणि ते पोचेपर्यंत रीस्टार्टने परत आलं. मी बॅग भरत होते.

"आता परत बिघडव."

"अण्णा, सहाची बस आहे माझी."

"तू जा. लॅपटॉप ठेव."

लॅपटॉप ठेवून कोण जाणार? बस गेली. अण्णा झाकण मिटायचे, वाट बघायचे, उघडायचे, पिंग करायचे. उत्तर यायचं आणि ते खट्टू व्हायचे. मग त्यांनी नुसतं मिटायचं सोडून मिटल्यावर वायर काढली, वायफायवर जागं केलं. व्हर्च्युअल मशीनचा ब्रिज अजून त्या काढलेल्या वायरच्याच कार्डाला धरून बसला होता. पिंगची ओळ आली ती 'वेळ संपली' अशी.

"गेलं!" अण्णा उठून उभेच राहिले. "गेलं, गेलं बघ!" आणि खिशातली डबी काढून त्यांनी पहिल्यांदाच मला सुपारी विचारली.